करीमा मर्वजी यांचं आसन कोणी रिकामं केलं?

सुन्नी मुसलमानांच्या लेखी कुरआननंतर सर्वांत भरवशाचा ग्रंथ म्हणजे इमाम बुखारी यांनी संकलित केलेलं ‘सही’. पैगंबरांची वचनं आणि त्यांच्या वागण्याच्या आठवणी, म्हणजे हदीस, यांचा हा संग्रह. तो ज्या हातांतून पुढे आला त्यांतला एक हात करीमा बिंते अहमद मर्वजी यांचा आहे. पंधराव्या शतकात कैरोच्या इब्न हजर अस्कलानी यांनी या ग्रंथावर ‘फतहुल बारी’ हे सर्वमान्य भाष्य लिहिलं. त्यात शब्दाशब्दाचे पाठभेद नोंदवताना ‘करीमाच्या रिवायतीत (गुरूकडून ऐकून पुढे सांगितलेल्या पाठात) असं आहे’ हा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. देवबंद असो, कैरो असो, मालेगाव असो, बुखारीतला एखादा शब्द नेमका काय हे तपासायला जो हे भाष्य उघडतो तो एका बाईच्या प्रतीची साक्ष काढत असतो.

आणि तरीही बाईने मशिदीत यावं का, काझी व्हावं का, पुरुषांना हदीस शिकवावी का, असे प्रश्न निघाले की उत्तर ठरलेलं असतं: आपल्या परंपरेत हे बसत नाही. माझं म्हणणं असं की या उत्तराला परंपरेचाच आधार नाही. पण तेवढं सिद्ध करून थांबणंही पुरेसं नाही. करीमा यांचं नाव अलीकडे जलशांतून, भाषणांतून अभिमानाने घेतलं जातं. इस्लामने स्त्रीला किती मान दिला याचा पुरावा म्हणून. त्या ज्या आसनावर बसत होत्या ते मात्र रिकामंच राहतं. ते आज कोणाला द्यायचं आणि कोणी द्यायचं, हा माझ्या मते खरा सार्वजनिक प्रश्न आहे.

करीमा यांचं घराणं मर्वजवळच्या कुशमीहन गावचं. मर्व आज तुर्कमेनिस्तानात येतं. तेव्हा खुरासानातलं ते मोठं विद्येचं केंद्र होतं. इमाम बुखारी ८७० साली वारले. त्यांच्याकडून ग्रंथ ऐकणारे फिरबरी, फिरबरींकडून ऐकणारे अबुल हैसम कुशमीहनी आणि कुशमीहनींकडून ऐकणाऱ्या करीमा. म्हणजे ग्रंथकर्ता आणि त्या यांच्यामध्ये जवळपास दोनशे वर्षांचा काळ, पण माणसं फक्त दोन. हदीसच्या जगात अशा लहान साखळीला फार मोल होतं. वडील तिला घेऊन जेरुसलेमला गेले आणि पुढे मक्केला परतले. करीमा तिथेच राहिल्या, काबेच्या शेजारी. लग्न केलं नाही. शंभरीच्या आसपास पोचून हिजरी ४६३ मध्ये, म्हणजे १०७०-७१ च्या सुमारास, त्यांचा मृत्यू झाला.

लहान साखळी आणि दीर्घ आयुष्य एवढंच त्यांचं भांडवल असतं, तर त्यांना ‘जपून ठेवलेली आठवण’ म्हणून बाजूला सारता आलं असतं. काही अभ्यासक मध्ययुगीन हदीस-विदुषींबद्दल असं म्हणतातही. त्या फक्त वाहक होत्या, लहानपणी कोणाकडून तरी ऐकलं, म्हातारपणी लोक येऊन ऐकून गेले, विद्वत्तेचा प्रश्नच नव्हता. काही जणींच्या बाबतीत हे खरंही असेल. दमिश्कच्या आयशा बिंते अब्दुल हादी यांनी बुखारी ऐकली तेव्हा त्या जेमतेम चार वर्षांच्या होत्या. चार वर्षांच्या मुलीला त्यातलं काय कळलं असणार! (मुलांनाही त्या वयात असंच नेऊन बसवत, हे मात्र सांगायचं राहून जातं.) पण करीमा यांच्याबद्दल अबुल गनाइम नरसी या कूफाच्या विद्वानाने सांगितलेली आठवण मला निर्णायक वाटते. करीमा यांनी आपली बुखारीची प्रत काढून दिली. नरसी त्यांच्यासमोर बसले, सात पानं उतरवली, वाचून दाखवली. आता उतरवलेलं मूळ प्रतीशी ताडून पाहायचं काम एकट्यानेच उरकावं असं त्यांच्या मनात होतं. करीमा म्हणाल्या, नाही, माझ्याबरोबर ताडून बघ. आणि तसंच झालं.

हे वागणं संपादकाचं आहे. विद्यार्थी हुशार आहे, घाईत आहे, दुरून आलाय, पण आपल्या नावावर जे पुढे जाणार त्याचा प्रत्येक शब्द आपल्या डोळ्यांखालून गेला पाहिजे, ही त्यांची अट होती. चौदाव्या शतकातले दमिश्कचे इतिहासकार जहबी करीमांबद्दल लिहितात की त्या रिवायत करताना नेहमी मूळ प्रतीशी ताडून घेत आणि त्यांना समज होती, ज्ञान होतं. जहबी हे माणसं तोलण्यात अतिशय कडक. कोण रावी, म्हणजे हदीस सांगणारा, विसरभोळा, कोण खोटारडा, कोणाचं एकट्याचं ऐकू नये, हे ठरवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. त्यांचा शब्द सौजन्यापोटी आलेला नाही.

करीमा यांच्यासमोर बसणाऱ्यांत खतीब बगदादी होते. बगदादचा अवाढव्य चरित्रकोश लिहिणारे, हदीसशास्त्राचे नियम ग्रंथबद्ध करणारे खतीब. हजच्या निमित्ताने मक्केला आले असताना त्यांनी पाच दिवसांत संपूर्ण बुखारी करीमा यांना वाचून दाखवली. सात हजारांहून जास्त हदीस, पाच दिवस! खतीब तेव्हा पन्नाशीचे, नावाजलेले; त्यांना कोणाकडून शिकण्याची गरज उरली नव्हती असं आपण आज म्हणू. त्यांना तसं वाटलं नाही. मक्केतच राहणारे हेरातचे अबू जर यांच्याकडेही कुशमीहनींची रिवायत होती. त्यांनीही अखेरच्या काळात शिष्यांना करीमांकडे जायला सांगितलं, असं चरित्रग्रंथांत येतं. खुरासानचे सम‌आनी तर विचारत, करीमासारखी कोणी माणसाने पाहिली आहे का?

करीमा अपवाद होत्या का? त्यांच्या मागेपुढे पाहिलं तर नव्हत्या, पण ओळ सलगही नाही, आणि हे मान्य केलं पाहिजे. पैगंबरांच्या पत्नी आयशा यांच्या नावावर दोन हजारांहून अधिक हदीस आहेत. त्यांच्या पुढच्या पिढीत मदिनेच्या अमरा बिंते अब्दुर्रहमान. खलिफा उमर बिन अब्दुल अजीज यांनी हदीस लिहून काढायचा हुकूम दिला तेव्हा अमरा यांच्याकडचं ज्ञान आवर्जून नोंदवायला सांगितलं. इमाम मालिक यांच्या ‘मुवत्ता’त अमरा यांची एक हकीकत आहे. मदिनेचे काझी त्यांचे भाचे. त्यांनी लोखंडी कड्या चोरणाऱ्या एका नबती माणसाला पकडून हात तोडायची तयारी चालवली. अमरा यांनी निरोप धाडला: भाच्या, एवढ्याशा चोरीसाठी तू त्याचा हात तोडणार? पाव दीनारच्या खाली ही शिक्षा नाही. काझींनी त्या माणसाला सोडून दिलं. हदीस कळवणं आणि हदीसच्या आधाराने निवाडा फिरवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमरा यांनी दुसरी केली. दमिश्कच्या उम्मुद्दर्दा यांच्याबद्दल तर खुद्द बुखारींनीच आपल्या ग्रंथात नोंद केली आहे की त्या नमाजात पुरुषांप्रमाणे बसत आणि त्या फकीह, म्हणजे धर्मशास्त्राच्या जाणकार, होत्या.

यानंतर मात्र दोन-अडीच शतकं बायकांची नावं झपाट्याने विरळ होतात. हदीस आता नुसतं ऐकून सांगण्याची गोष्ट उरली नव्हती. एका हदीससाठी महिना महिना प्रवास करायचा, दहा शहरांत दहा गुरूंना गाठायचं, घासाघीस करत रावी पारखायचे, अशी ती कसोटी झाली. एकट्या बाईला हा प्रवास बंद होता. पुढे ग्रंथ स्थिर झाले, लेखी प्रती विश्वासाच्या ठरल्या, आणि मग करीमांच्या काळापासून बायका पुन्हा दिसू लागतात. आधी तुरळक आणि नंतर मोठ्या संख्येने. बगदादच्या शुहदा या सुंदर हस्ताक्षरासाठी आणि हदीससाठी प्रसिद्ध होत्या. त्या ११७८ साली, नव्वदी उलटल्यावर वारल्या. इब्न जौजी आणि इब्न कुदामा त्यांचे विद्यार्थी. दमिश्कच्या झैनब बिंतुल कमाल यांच्याकडे उंटावर लादावी लागतील एवढ्या इजाजती होत्या, म्हणजे शिकवण्याची परवानगीपत्रं. लहानपणी डोळे आलेले, लग्न केलेलं नाही, स्वभाव शांत. विद्यार्थी दिवसाचा बराचसा वेळ त्यांच्याकडे वाचत बसत आणि त्या कंटाळत नसत.

या सगळ्या पुराव्यामागे हदीसशास्त्राचा एक पक्का नियम आहे. न्यायालयातली साक्ष वेगळी आणि रिवायत वेगळी. साक्षीच्या बाबतीत फिकहने, म्हणजे धर्मशास्त्राने, काही प्रकरणांत स्त्री-पुरुष भेद केला. रिवायतीच्या बाबतीत हदीसच्या विद्वानांनी तो केला नाही. रावी सच्चा आहे का, त्याची स्मरणशक्ती धड आहे का, एवढंच विचारायचं. बाई एकटी असेल तरी तिची रिवायत एका पुरुषाच्या रिवायतीएवढीच. कोणत्याही विद्वानाने केवळ बाई आहे म्हणून बाईची खबर नाकारल्याचं ऐकिवात नाही, असं येमेनचे शौकानी यांनी नंतर लिहून ठेवलं. दुबळ्या रावींवरच्या आपल्या ग्रंथात, ज्यांची नीट ओळख पटत नाही अशा स्त्रियांच्या प्रकरणाच्या तोंडाशीच जहबी सांगतात: बायकांपैकी जिच्यावर खोटेपणाचा आरोप झाला किंवा जिला विद्वानांनी टाकून दिलं, अशी एकही मला माहीत नाही.

विरुद्ध बाजूचाही दाखला आहे आणि तो झाकू नये. फातिमा बिंते कैस या पैगंबरांच्या सहवासातल्या (सहाबी) स्त्रीने तलाकनंतरच्या निर्वाहाबद्दल एक हदीस सांगितली, तेव्हा खलिफा उमर म्हणाले की लक्षात राहिलं की विसरली हे माहीत नसलेल्या एका बाईच्या शब्दावर आम्ही ईश्वराचा ग्रंथ सोडणार नाही. हे वाक्य आजही बायकांना गप्प करायला वापरलं जातं. पण त्याच काळात फुरैया या विधवेने आपल्या इद्दतीबद्दल, म्हणजे पतीच्या मृत्यूनंतरच्या प्रतीक्षाकाळाबद्दल, पैगंबरांनी काय सांगितलं होतं ते कळवलं आणि खलिफा उस्मान यांनी त्यानुसार निवाडा केला. फातिमा यांची हदीसही फेकून दिली गेली नाही. ती ‘सही मुस्लिम’ या दुसऱ्या मान्य संग्रहात आहे आणि पुढच्या फकिहांपैकी काहींनी तिच्यावर आपलं मत बांधलं. एका खलिफाची एका प्रकरणातली शंका हा नियम झाला नाही, कारण हदीसच्या लोकांनी तो होऊ दिला नाही.

मशिदीच्या प्रश्नाकडे येऊ. ‘ईश्वराच्या दासींना ईश्वराच्या मशिदींपासून अडवू नका’ ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. ती सांगणाऱ्या इब्न उमर यांचा मुलगा म्हणाला की आम्ही तर अडवणार. बापाने त्याला असं झापलं की तशी शिवीगाळ कोणी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. अडवणाऱ्यांच्या हातात जो सर्वांत वजनदार दाखला आहे तो आयशा यांचा. पैगंबरांनी आजच्या बायकांचं वागणं पाहिलं असतं तर त्यांना मशिदीपासून रोखलं असतं, असं त्या म्हणाल्या. हनफी पंथाच्या फकिहांनी याच्यावर बरंच काही उभं केलं. आता या हदीसची साखळी पाहा. आयशा यांच्याकडून ती ऐकली अमरा बिंते अब्दुर्रहमान यांनी, आणि त्यांच्याकडून पुढे गेली. बाईला मशिदीबाहेर ठेवण्यासाठी जो आधार दिला जातो तो दोन बायकांच्या शब्दावर उभा आहे. त्यांचा शब्द प्रमाण मानायचा, आणि त्या ज्या जागी बसून बोलल्या ती जागा त्यांच्या मुलींना नाकारायची, हे जुळत नाही. शिवाय आयशा यांनी मनाई केलेली नाही. ‘केली असती’ असं त्यांनी आपलं मत सांगितलं आहे, आणि मूळ आज्ञा जिथल्या तिथे आहे.

हे सगळं आपल्याकडे न्यायालयापर्यंत पोचलेलं आहे. मुंबईच्या हाजी अली दर्ग्याच्या मजारीपर्यंत जायला बायकांना २०१२ च्या सुमारास मनाई झाली. पुरुष संताच्या कबरीजवळ बाईने जाणं हे घोर पाप आहे, असं विश्वस्तांचं म्हणणं होतं आणि त्यासाठी धर्मवचनं पुढे केली गेली. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या कार्यकर्त्या उच्च न्यायालयात गेल्या. २६ ऑगस्ट २०१६ रोजी न्यायालयाने ही मनाई संविधानाविरुद्ध ठरवली. (त्याच वर्षी शनी शिंगणापूरच्या चौथऱ्याचा प्रश्नही याच न्यायालयात होता. बाईला गाभाऱ्याबाहेर उभं करण्याची हौस एका धर्माची मक्तेदारी नाही, आणि हाजी अलीकडे बोट दाखवताना ज्यांना शिंगणापूर आठवत नाही त्यांचं मी मनावर घेत नाही.) मशिदीत नमाजाला जाऊ द्यावं म्हणून पुण्यातल्या एका दांपत्याने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, तेव्हा मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानेही बाईला मशिदीत यायला धर्माची मनाई नाही, असंच प्रतिज्ञापत्रात सांगितलं. प्रतिज्ञापत्रात मनाई नाही. पण गल्लीतल्या मशिदीत तिच्यासाठी वजूची (नमाजापूर्वी हातपाय धुण्याची) जागा नाही, वेगळा दरवाजा नाही, नमाजाचा कोपरा नाही. मग त्या परवानगीचं ती काय करणार?

हमीद दलवाई यांनी हा सगळा मार्गच नाकारला होता. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांनी सात मुस्लिम महिलांना घेऊन विधानभवनावर मोर्चा नेला. १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं. स्त्रीचा हक्क धर्मग्रंथातून शोधून काढायची गरज नाही, तो माणूस म्हणून आणि नागरिक म्हणून तिचा आहे, ही त्यांची भूमिका. तलाक, पोटगी, वारसा या प्रश्नांवर मला ती पूर्ण मान्य आहे. अकराव्या शतकात मक्केत एक करीमा होऊन गेल्या नसत्या तरी आजच्या मुलीचा हक्क तसूभर कमी झाला नसता. इतिहासात दाखला सापडला तरच हक्क द्यायचा, असा सौदा कोणी करू नये.

पण एक जागा अशी आहे जिथे संविधान पोचत नाही. न्यायालय दार उघडू शकतं, मजारीपर्यंतची वाट मोकळी करू शकतं. ते कोणाला गुरू करू शकत नाही. हदीस शिकवणारी व्यक्ती विश्वासाची आहे, तिच्यासमोर बसून ऐकावं, तिच्या परवानगीने पुढे शिकवावं, हे ऐकणाऱ्यांनी ठरवायचं असतं. खतीब करीमांकडे गेले ते कोणाच्या हुकुमाने नव्हे. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाने मुंबईत महिला काझींना शिक्षण दिलं, तेव्हा कायद्याने त्यांना कोणी अडवलं नाही. काही उलेमांनी मात्र बाई काझी होऊच शकत नाही म्हणून हरकत घेतली. ही लढाई श्रद्धावंतांच्या मनात, त्यांच्याच पुराव्यांवर लढावी लागते. म्हणून मला दलवाईंच्या मार्गाच्या शेजारी हा दुसरा मार्गही हवा आहे.

मग आसन रिकामं कसं झालं? सोळाव्या शतकानंतर हदीस-विदुषींची नावं पुन्हा आटत जातात. याचं एकच एक कारण कोणी देऊ शकणार नाही, पण एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मदरसा ही वक्फच्या पैशावर चालणारी, नेमणुकीची आणि पगाराची संस्था झाली. त्या संस्था उभारण्यात बायकांचा हात होता. सलाहुद्दीनच्या बहिणीने, सित्तुश्शाम यांनी, दमिश्कमध्ये मदरसे बांधले. कैरोत सुलतान शाबानच्या आईच्या नावाचा मदरसा आजही उभा आहे. पण ज्या मदरशाला बाईने जमीन दिली, पैसा दिला, त्याच मदरशात मुदर्रिस (अध्यापक) म्हणून बाईची पगारी नेमणूक झाल्याची उदाहरणं जवळपास सापडत नाहीत. बायका शिकवत राहिल्या त्या घरात, मशिदीच्या आवारात, खानकाहमध्ये, म्हणजे सूफींच्या मठात. विद्येची प्रतिष्ठा हळूहळू नेमणुकीत गेली, प्रमाणपत्रात गेली, आणि ज्यांच्याकडे फक्त विद्या होती त्या बाहेर राहिल्या. धर्माने त्यांना काढलं नाही. संस्थेने त्यांना घेतलं नाही.

इब्न हजर यांच्या घरात हे दोन्ही दिसतं. आईवडील लहानपणीच गेलेले. थोरली बहीण सित्तुर्रकब वाचणारी, लिहिणारी, अतिशय हुशार. ‘आईनंतर तीच माझी आई’ असं त्यांनी लिहिलं. दमिश्कला गेल्यावर ते आयशा बिंते अब्दुल हादी यांच्याकडे शिकले, आणखी कितीतरी बायकांकडे शिकले. पत्नी उन्स खातून यांना त्यांनी मोठमोठ्या गुरूंच्या इजाजती मिळवून दिल्या. पतीच्या हयातीतच त्या हदीस सांगू लागल्या, आणि इब्न हजर यांचे पट्टशिष्य सखावी यांनी त्यांच्यासमोर बसून वाचन केलं. सखावींच्या चरित्रकोशाचा शेवटचा, बारावा खंड हजाराहून अधिक बायकांना दिलेला आहे. त्या सगळ्या विदुषी नव्हत्या. पण बायकांची नोंद घेतलीच पाहिजे, असं त्या काळच्या एका हदीसतज्ज्ञाला वाटत होतं. इब्न हजर स्वतः कैरोचे मुख्य काझी होते, नामांकित मदरशांत शिकवत होते. उन्स खातून यांचा वर्ग मात्र घरचा.

ही गोष्ट अरबस्तान, सीरिया आणि मिसरपुरतीच आहे असंही नाही. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३२६ साली दमिश्कला होता. तिथे ज्यांनी त्याला इजाजत दिली त्यांत झैनब बिंतुल कमाल आहेत. पुढे तो हिंदुस्थानात आला, दौलताबाद आणि नंदुरबार पाहून किनाऱ्याला लागला, गोव्यावरच्या स्वारीत सामील झाला. गोव्याच्या दक्षिणेला होन्नावरला त्याने जे पाहिलं ते त्याच्या प्रवासवर्णनात आहे. इथल्या बायका शिवलेले कपडे घालत नाहीत; वस्त्राचं एक टोक कमरेला गुंडाळतात, उरलेलं डोक्यावरून छातीवर घेतात; नाकात सोन्याचा दागिना घालतात. आणि सगळ्यांना कुरआन तोंडपाठ आहे. गावात मुलींच्या तेरा शाळा त्याने पाहिल्या, मुलांच्या तेवीस. असं मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही, हेही त्याने लिहिलं. जग पालथं घातलेला माणूस हे म्हणतो, तेव्हा अशा शाळा इतरत्र सर्रास नव्हत्या हेही त्यातून कळतं. सुवर्णयुगाच्या गप्पा मारणाऱ्यांनी ते शेवटचं वाक्य गाळू नये. पण आपल्या किनाऱ्यावर, साडी नेसणाऱ्या आणि नाकात सोनं घालणाऱ्या बायकांच्या गावात ते घडत होतं, हेही कोकणातल्या शाफई पंथाच्या मुसलमानांनी विसरू नये.

आज महाराष्ट्रात मुलींचे मदरसे आहेत, मालेगावचा जामिअतुस्सालिहात तर देशभर ठाऊक आहे. मुली आलिमाचा (धर्मपंडितेचा) अभ्यासक्रम पुरा करतात, बुखारी वाचतात, खत्म-ए-बुखारीचा, म्हणजे बुखारी वाचून पुरी झाल्याचा, कार्यक्रम होतो. हे थोडं नाही. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी कितीतरी घरांत मुलीला उर्दू वाचता येणं हीच मोठी गोष्ट होती. तरी काही प्रश्न विचारावेच लागतात. मुलांच्या मदरशातल्या फिकह आणि उसूलच्या (धर्मशास्त्राच्या मूळ तत्त्वांच्या) वरच्या किताबा मुलींना का वगळल्या जातात? अनेक ठिकाणी शेवटच्या वर्षाची बुखारी पडद्याआडून पुरुष उस्तादच का शिकवतात. त्याच मदरशातून बाहेर पडलेल्या वीस वर्षांच्या अनुभवाच्या आलिमा का नाही? आणि ती शिकवू लागली तर फक्त मुलींनाच का? खतीब, नरसी, इब्न हजर, सखावी हे बायकांसमोर बसले. त्यांच्यापेक्षा आपण जास्त धार्मिक आहोत, असं आजचा कोणता उस्ताद म्हणेल?

देवबंदी परंपरेतली बुखारीची सनद, म्हणजे गुरुपरंपरेची साखळी, शाह वलीउल्लाह यांच्यामार्फत इब्न हजरांपर्यंत आणि तिथून तनूखी, हज्जार असं करत बुखारींपर्यंत जाते. ती पाठ म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला त्यात एकही बाई भेटत नाही. आयशा बिंते अब्दुल हादी यांनी बुखारी ऐकली ती याच हज्जारांकडून, आणि त्यांच्याकडून ती ऐकलेल्यांपैकी जगात सर्वांत शेवटपर्यंत उरल्या त्या. मुलींच्या मदरशात सनद शिकवताना हे नाव फळ्यावर लिहायला कोणता फतवा लागतो?

विरोधक म्हणतील, काळ बदलला, फितन्याचा, म्हणजे मोहाचा आणि बिघाडाचा, काळ आहे, पडदा महत्त्वाचा. पडद्याचा आग्रह त्या काळच्या लोकांनाही होता आणि तो धरूनच त्यांनी वाटा काढल्या. दमिश्क आणि कैरोत चौदाव्या शतकात फातिमा बिंते अब्बास या हंबली विदुषी मिंबरवर, म्हणजे मशिदीतल्या प्रवचनाच्या आसनावर, चढून बायकांना उपदेश करत. इब्न तैमिया यांना त्यांची विद्वत्ता मान्य होती, पण मिंबरवर चढणं खटकत होतं. मना करावं असं त्यांच्या मनात आलं. मग स्वप्नात पैगंबर दिसले आणि म्हणाले, ती नेक बाई आहे. इब्न तैमिया गप्प राहिले. स्वप्नावर कोणी विश्वास ठेवो न ठेवो. आपल्या मनातली खटक हा धर्माचा हुकूम नसतो, एवढं त्या कडक माणसाने ओळखलं.

सुरुवात फार मोठी लागत नाही. रमजानमध्ये तरावीहच्या रात्रीच्या नमाजानंतर किंवा रविवारी दुपारी, गावातल्या एखाद्या आलिमाने मशिदीच्या सभागृहात बुखारीचं एक प्रकरण शिकवावं. बायका समोर, पुरुष पडद्यापलीकडे, वाटलं तर उलट. तिला ठरलेलं मानधन मिळावं आणि शिकवणाऱ्यांच्या फलकावर तिचं नाव लागावं. यासाठी उच्च न्यायालयात जायची गरज नाही. मशिदीच्या विश्वस्तांच्या एका बैठकीत ठराव झाला की पुरे.